चालू लाईनवर मशीन कशी बदलायची? लिब्रेऑफिसच्या नूतनीकरणाची गोष्ट

भोसरी, तळवडे किंवा चाकणमधल्या एखाद्या छोट्या व्हेंडरकडे नोकरीला असाल तर हे तुम्ही पाहिलं असेल. कस्टमरच्या क्वालिटीवाल्याकडून एक एक्सेल फाईल येते. पीपॅपचा फॉरमॅट, कंट्रोल प्लॅन नाहीतर एट-डी रिपोर्ट. संध्याकाळपर्यंत भरून हवा असतो. ऑफिसात विकत घेतलेलं एमएस ऑफिस एकाच कॉम्प्युटरवर आणि तिथे अकाउंटंट बसलेला. बाकीच्या मशीनवर लिब्रेऑफिस. फाईल त्यात उघडली की बहुतेक वेळा सगळं नीट दिसतं. पण कधी शेवटचा कॉलम प्रिंटमध्ये दुसऱ्या पानावर जातो, कधी बटण दाबलं तरी मॅक्रो हलत नाही. मग कोणीतरी म्हणतंच, "फुकटचं ते फुकटचंच."

मला हे वाक्य पटत नाही, पण त्यामागचा त्रास खरा आहे. रिपोर्ट वेळेत गेला नाही तर पार्ट अडकतो, पार्ट अडकला की बिल अडकतं. आणि दुसरा रस्ता म्हणजे कुठून तरी आणलेलं क्रॅक केलेलं ऑफिस. त्यात व्हायरस आला तर टॅलीचा डेटाही जातो, हे एमआयडीसीत बऱ्याच जणांना माहीत आहे. त्यामुळे लिब्रेऑफिससारखं मोफत आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअर नीट चालणं हा आपल्याकडे हौशीचा विषय नाही.

तर प्रश्न असा की इतकं मोठं सॉफ्टवेअर सुधारतं कसं? कोण ठरवतं की यंदा काय दुरुस्त करायचं? आणि त्या यादीत आपली पीपॅपची शीट कधी येणार?

चाळीस वर्षांचं घर

लिब्रेऑफिस हे नाव २०१० सालचं, पण आतलं घर खूप जुनं. १९८५ मध्ये जर्मनीतल्या मार्को बोरिस नावाच्या शाळकरी वयाच्या मुलाने स्टारडिव्हिजन नावाची कंपनी काढली. तिच्या स्टाररायटरचं पुढे स्टारऑफिस झालं. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी विकत घेतली आणि २००० मध्ये कोड सगळ्यांसाठी खुला केला. ते ओपनऑफिस. २०१० मध्ये ओरॅकलने सनच विकत घेतली. ओपनऑफिसवर काम करणाऱ्या लोकांना ओरॅकलचा भरवसा वाटेना, म्हणून त्याच वर्षी २८ सप्टेंबरला त्यांनी द डॉक्युमेंट फाउंडेशन जाहीर केलं आणि कोडची एक प्रत घेऊन वेगळी वाट धरली. याला फोर्क म्हणतात. भावाभावांत वाटणी होते तसंच, फक्त इथे घराची प्रत काढता येते, त्यामुळे कोणाचंच घर जात नाही.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. २०११ मध्ये ओरॅकलने जुनं ओपनऑफिस अपाची फाउंडेशनला दिलं. ते अजून डाउनलोड होतं आणि कॉम्प्युटर क्लासमध्ये अजूनही तेच शिकवलेलं दिसतं. पण त्याची ४.१ आवृत्ती २०१४ मध्ये आली आणि त्यानंतर मुख्यतः छोट्या दुरुस्त्याच आल्या. नव्याने टाकायचं असेल तर लिब्रेऑफिसच टाका.

नवीन टीमच्या हातात जे आलं ते पाहून कोणीही डोक्याला हात लावला असता. पन्नास लाखांहून जास्त ओळींचा सी प्लस प्लस कोड. त्यातल्या असंख्य कॉमेंट जर्मनमध्ये, म्हणजे हे फंक्शन असं का लिहिलंय ते कळायलाच भाषांतर करायची वेळ. कधीच न वापरली जाणारी हजारो फंक्शन्स. आपोआप चालणाऱ्या चाचण्या फार कमी. आणि सगळा कोड बिल्ड करायची व्यवस्था इतकी किचकट की नवीन माणूस तिथेच सोडून जायचा.

पाडून नवीन का नाही बांधलं?

इंजिनिअरिंगला असताना प्रत्येकाला वाटतं की जुना कोड फेकावा आणि नव्याने लिहावा. मलाही पहिल्या नोकरीत रोज वाटायचं. पण याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. नेटस्केप नावाचा ब्राउझर एके काळी सगळ्यात पुढे होता. १९९७ मध्ये त्याची चौथी आवृत्ती आली. नंतर त्यांनी इंजिन नव्याने लिहायचं ठरवलं. पाचवी आवृत्ती आलीच नाही आणि सहावी यायला २००० चा नोव्हेंबर उजाडला. तोपर्यंत मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर बाजार घेऊन गेला होता.

जुना कोड वाईट दिसतो, कारण त्यात वर्षानुवर्षांच्या अनुभवाच्या गाठी असतात. एखादी विचित्र 'इफ' कंडिशन कोणाच्या तरी बिघडलेल्या फाईलसाठी टाकलेली असते. नव्याने लिहिलं की ती गाठही जाते आणि तीच फाईल पुन्हा बिघडते.

आपल्या पट्ट्यात हे समजवायला गाडीचं उदाहरण पुरेसं आहे. नवीन मॉडेल येतं तेव्हा प्रत्येक वेळी नवीन प्लॅटफॉर्म नसतो. चॅसिस तोच, इंजिनमध्ये सुधारणा, डॅशबोर्ड बदललेला. आणि लाईन बंद ठेवून बसणं परवडत नाही. मोठं काम दिवाळीच्या शटडाउनमध्ये उरकतात. ऑफिस सॉफ्टवेअरला तर तेवढाही शटडाउन मिळत नाही. कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर ते या मिनिटाला चालू असतंच.

म्हणून लिब्रेऑफिसने पहिली काही वर्षं साफसफाई केली. स्वयंसेवकांनी जर्मन कॉमेंट इंग्रजीत आणल्या. या कामाला प्रोग्रामिंगपेक्षा जर्मन जास्त लागत होतं, त्यामुळे नवीन लोकांना आत यायला दार मिळालं. कोणी न वापरणारी फंक्शन्स शोधायला टूल बनवलं आणि ती यादी संपेपर्यंत कोड काढत राहिले. बिल्डची व्यवस्था टप्प्याटप्प्याने बदलली. आज कोणी बदल सुचवला की आधी तो लिनक्स, विंडोज, मॅकवर आपोआप बिल्ड होतो, चाचण्या चालतात, मग दुसरा माणूस वाचतो आणि मगच आत जातो. याशिवाय बग रिपोर्टमधून गोळा झालेल्या लाखभर फाईली मधूनमधून मशीनवर उघडून-सेव्ह करून पाहतात, की सॉफ्टवेअर कुठे कोसळतंय का.

यातलं काहीच वापरणाऱ्याला दिसत नाही. कोणी यूट्यूबवर 'दहा नवीन फीचर्स' म्हणून दाखवू शकणार नाही. पण पुढचं सगळं यावर उभं आहे.

नट-बोल्टच्या पिशव्या

आता जरा आत जाऊ. एक्सेलसारखा जो भाग आहे त्याचं नाव कॅल्क. जुन्या कॅल्कमध्ये प्रत्येक सेल हा मेमरीत एक वेगळा ऑब्जेक्ट होता. समजा स्टोअरमध्ये एक लाख एम-८ बोल्ट आहेत आणि प्रत्येक बोल्ट वेगळ्या पिशवीत, वर वेगळं लेबल. एक लाख बोल्ट मोजायचे तर एक लाख पिशव्या उघडा. जुनं कॅल्क मोठ्या शीटवर रेंगाळायचं त्याचं एक मोठं कारण हे.

२०१४ च्या जानेवारीत आलेल्या ४.२ आवृत्तीत हा गाभा बदलला. एका कॉलममधले सलग आकडे एकाच लांब बिनमध्ये, सलग मजकूर दुसऱ्या बिनमध्ये. आता प्रोसेसर सरळ बिनवरून हात फिरवतो. शिवाय खालपर्यंत ओढलेला एकच फॉर्म्युला हजार वेळा वेगळा न साठवता एक गट म्हणून ठेवता येऊ लागला, आणि तो गट ग्राफिक्स कार्डकडे गणितासाठी पाठवायची सोयही झाली. चिप बनवणाऱ्या एएमडीने त्या कामाला हात दिला होता.

नियोजनाच्या दृष्टीने मला यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. बाहेरून कॅल्क जसंच्या तसं दिसत होतं. मेनू तेच, फाईल तीच. फक्त पायाखालची फरशी बदलली. आणि हे करायची हिंमत झाली कारण आधी चाचण्या लिहून ठेवल्या होत्या. चाचणी म्हणजे काय, तर 'या शीटमध्ये या सेलचं उत्तर ४२ यायलाच हवं' असं लिहून ठेवणं. उत्तर बदललं की लाल दिवा. लाईनवरचा गो-नो-गो गेज जसा, तसाच हा प्रकार.

मराठी अक्षरं आणि कापलेले शब्द

हा भाग आपल्या जवळचा, म्हणून इथे जरा थांबतो.

जुन्या ओपनऑफिसमध्ये प्रत्येक डायलॉग बॉक्समधलं बटण किती रुंद आणि कुठे ते कोडमध्ये आकड्यांनी पक्कं लिहिलेलं असे. जर्मन-इंग्रजी लोकांनी मोजून टाकलेली मापं. आता त्याच बटणावर मराठी शब्द आला, लांब निघाला, की अर्धा कापला जायचा. वर मात्रा आणि खाली उकार असल्याने उंचीही कमी पडायची. असे शेकडो डायलॉग होते. ते एकेक करून नव्या पद्धतीत आणायला बरीच वर्षं गेली. नव्या पद्धतीत फक्त 'हे याच्या उजवीकडे' एवढं सांगायचं, जागा शब्दाप्रमाणे आपोआप ताणते. मोबाईल ॲप बनवणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल, कारण वेगवेगळ्या स्क्रीनसाठी तिथेही असंच करतात.

दुसरी गोष्ट अक्षरांची. 'किल्ला' हा शब्द कॉम्प्युटरमध्ये सहा तुकड्यांत साठतो: क, वेलांटी, ल, हलंत, ल, काना. वेलांटी साठते क नंतर, पण दाखवायची क च्या आधी. दोन ल जोडून एक जोडाक्षर करायचं. हे जुळवण्याचं काम करणाऱ्या प्रोग्रामला शेपिंग इंजिन म्हणतात. मराठीत तर आणखी गंमत आहे: 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यात फरक केला नाही तर गुरुजींची दक्षिणा स्वयंपाक्याला जाईल.

लिब्रेऑफिस पूर्वी विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं इंजिन वापरायचं, मॅकवर ॲपलचं आणि लिनक्सवर तिसरंच. एकच मराठी फाईल तीन ठिकाणी थोडी थोडी वेगळी दिसायची. ओळ वेगळ्या शब्दावर तुटायची, पान पुढे सरकायचं. २०१७ च्या फेब्रुवारीत आलेल्या ५.३ आवृत्तीत सगळीकडे एकच इंजिन लावलं, हार्फबझ नावाचं. हेही ओपन सोर्स. आणि ते तुम्ही आत्ताही वापरत आहात, कारण अँड्रॉइड, क्रोम आणि फायरफॉक्समध्ये अक्षरं जुळवायला तेच आहे. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनवर मराठी मेसेज म्हणजे चौकोनी डबे दिसायचे, आठवतंय? तिथून इथपर्यंत येण्यात अशा इंजिनांचा वाटा आहे.

फॉन्टचंही तसंच. लोहित देवनागरी हा मोकळ्या परवान्याचा फॉन्ट रेड हॅटने उपलब्ध केला आणि त्याच्यावर कंपनीच्या पुण्यातल्या टीमने वर्षानुवर्षं काम केलं. म्हणजे जगभरच्या लिनक्सवर दिसणाऱ्या मराठीचा एक धागा आपल्याच शहरातून जातो.

एक उपयोगाची टीप. लिब्रेऑफिसमध्ये टूल्स, मग ऑप्शन्स आणि त्यात भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करा आणि तिथली भाषा मराठी ठेवा, हिंदी नको. देवनागरीसाठी फॉन्ट आणि आकार इंग्रजीपासून वेगळे ठेवलेले असतात; 'मी साइज १४ केली तरी मराठी छोटंच दिसतंय' ही तक्रार बहुतेक वेळा त्यामुळे असते. भाषा मराठी ठेवली तर काही फॉन्टमध्ये ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात. जुन्या शिवाजी किंवा कृतीदेव फॉन्टमधल्या फाईलींना मात्र हा उपाय नाही. त्यांच्या पोटात मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरांवर मराठीचा मुखवटा असतो. त्या युनिकोडमध्ये बदलूनच घ्याव्या लागतात.

लोकल वेळेवर सुटते

आता मूळ प्रश्न: ठरवतं कोण?

इथे साहेब नाही. आठवड्याला एक बैठक होते, इंजिनिअरिंग स्टिअरिंग कमिटीची. तिचा वृत्तांत कोणालाही वाचता येतो. पण ती कमिटी कोणाला 'हे काम कर' असं फर्मावू शकत नाही. स्वयंसेवक आपल्या मनाचे राजे आणि कंपन्यांचे इंजिनिअर त्यांच्या ग्राहकांना बांधलेले. मग नियोजन कशाचं? वेळेचं.

पुणे-लोणावळा लोकलसारखं समजा. लोकल तुमच्यासाठी आकुर्डीला थांबून राहत नाही. चुकली तर पुढची पकडा. लिब्रेऑफिसची मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. २०२४ पासून तर क्रमांकच तसा आहे: २४.२ म्हणजे २०२४ चा फेब्रुवारी, २४.८ म्हणजे ऑगस्ट. ठरलेल्या तारखेनंतर नवीन फीचर घेत नाहीत. त्यानंतर मेनूतले शब्द गोठवतात, म्हणजे भाषांतर करणाऱ्यांना वेळ मिळतो. शेवटी फक्त दुरुस्त्या. फीचर तयार नसेल तर आवृत्ती लांबत नाही, फीचर पुढच्या गाडीला. त्यामुळे अर्धवट माल घाईने आत ढकलायचा मोहही कमी होतो.

गाडीत काय चढतं, हे मात्र कोण काय घेऊन स्टेशनवर येतो यावर अवलंबून. बरंचसं जड काम कोलाबोरासारख्या कंपन्या करतात, कारण त्यांना सरकारं आणि मोठे ग्राहक पैसे देतात. जर्मनीतल्या श्लेसविग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये तीस हजार सरकारी कॉम्प्युटर लिब्रेऑफिसवर न्यायचं जाहीर केलं. असा ग्राहक आला की त्याच्या कचेरीतल्या फाईलींना अडणाऱ्या गोष्टी आधी सुटतात. केरळच्या सरकारी शाळांतही लिब्रेऑफिस वापरतात. फाउंडेशन स्वतः देणग्यांतून काही कामांची टेंडरं काढतं. उरलेलं स्वयंसेवक करतात, ज्याला जे टोचतं ते.

म्हणजे जर्मन कारकुनाचं पत्र नीट उघडतं, कारण ते कोणीतरी स्टेशनवर आणलं. चाकणचा कंट्रोल प्लॅन कोणी आणलाच नाही, तर तो बिघडतो हे कोणाला कळणार?

जे जमलं नाही, किंवा भांडणात गेलं

सगळं गोड आहे असं नाही. डेटाबेसचा भाग, बेस, जावावर चालणाऱ्या जुन्या इंजिनावर उभा आहे. ते काढून फायरबर्ड नावाचं इंजिन बसवायचं ठरलं. काम सुरू झालं, करणारे लोक कमी पडले आणि ते 'प्रायोगिक' या पाटीखाली अडकून राहिलं. माझं मत विचाराल तर आज नवीन काम बेसमध्ये सुरू करू नका.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या लिब्रेऑफिस ऑनलाइनचं तर भांडणच झालं. बहुतांश कोड कोलाबोराने लिहिलेला. फाउंडेशनने तो मोफत तयार करून वाटला तर कंपनीला पैसे कोण देणार, हा वाद पेटला आणि २०२० मध्ये कोलाबोराने ते काम आपल्या वेगळ्या जागी हलवलं. दोन्ही बाजूंना मुद्दे होते. मोफत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा पगार कुठून येतो हा प्रश्न दोघांनाही टाळता आला नाही.

फोनवर लिब्रेऑफिस का नाही, असं मला नेहमी विचारतात. डेस्कटॉपचे मेनू आणि बटणं सहा इंचाच्या स्क्रीनवर बसत नाहीत. मग वाट अशी काढली: आतलं इंजिन तेच ठेवायचं आणि त्याने डॉक्युमेंटचे छोटे चौकोनी फोटो-तुकडे काढून द्यायचे, गूगल मॅप्समध्ये नकाशा तुकड्यातुकड्यांनी येतो तसे. वरची बटणं फोनसाठी वेगळी. कोलाबोरा ऑफिस हे अँड्रॉइड आणि आयफोनवरचं मोफत ॲप असंच चालतं. फाउंडेशनचं स्वतःचं अँड्रॉइड ॲप हे मुख्यतः फाईल बघण्यासाठी आहे. फोनवर एट-डी रिपोर्ट भरणं म्हणजे शिक्षाच, पण बसमध्ये बसून 'फाईल बरोबर आली का' एवढं बघायला पुरतं.

दिसण्याबद्दल एक. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये जुना मेनू काढून रिबन आणली आणि सगळ्यांना तीच घ्यावी लागली. लिब्रेऑफिसने २०१९ च्या ६.२ आवृत्तीपासून टॅबवाला मेनू दिला, पण पर्याय म्हणून. व्ह्यू, यूजर इंटरफेस, टॅब्ड. ज्यांचा हात एमएस ऑफिसवर बसलाय त्यांनी पहिल्या दिवशीच हे करावं. पर्याय देणं चांगलं वाटतं, पण प्रत्येक पर्याय सांभाळायला माणूस लागतो आणि मला तरी तिथे फार फाटे फुटलेत असं वाटतं.

मग कस्टमरची शीट का बिघडते?

कारण एक नाही. एमएस ऑफिसच्या फॉरमॅटचं जे प्रमाणपत्रक आहे ते सहा हजारांहून जास्त पानांचं. २००८ मध्ये ते आयएसओ मानक झालं. त्या वेळी भारताने विरोधात मत दिलं होतं. लिब्रेऑफिसचा स्वतःचा फॉरमॅट, ओडीएफ, २००६ मध्येच आयएसओ मानक झाला होता. पण कस्टमर एक्सेल पाठवतो, म्हणून भांडण त्याच मैदानावर.

सगळ्यात जास्त त्रास फॉन्टचा. शीट कॅलिब्रीमध्ये बनलेली आणि तुमच्या लिनक्सवर कॅलिब्री नाही. लिब्रेऑफिससोबत कार्लिटो नावाचा फॉन्ट येतो. त्याच्या प्रत्येक अक्षराची रुंदी कॅलिब्रीएवढीच ठेवली आहे, म्हणून ओळी जागच्या जागी राहतात. पण कस्टमरने भलताच फॉन्ट वापरला असेल तर रुंदी बदलते आणि तो शेवटचा कॉलम पुढच्या पानावर. यावर उपाय साधा: फॉरमॅट, पेजमध्ये जाऊन शीट एका पानाच्या रुंदीत बसवा आणि पाठवण्याआधी प्रिंट प्रिव्ह्यू बघा. मॅक्रोचं कारण वेगळं. एक्सेलच्या व्हीबीए मॅक्रोपैकी बरेच कॅल्कमध्ये चालतात, सगळे नाहीत. पॉवर क्वेरीवर बांधलेली शीट तर अडकतेच. अशा फाईलींसाठी एक अधिकृत एमएस ऑफिस ऑफिसात ठेवणं शहाणपणाचं, दहा मशीनवर ठेवायची गरज नाही. आणि ठरवण्याआधी शेवटच्या वीसेक कस्टमर फाईलींच्या प्रती काढून कॅल्कमध्ये उघडा. बेरजा, ड्रॉपडाउन, रंग बदलणारे सेल, प्रिंट, हे चार तपासा. कुठल्या कस्टमरची फाईल अडते ते एका दुपारी कळेल.

अडलेली फाईल सापडली की ती स्टेशनवर न्यायची वेळ. लिब्रेऑफिसचं बग नोंदवायचं पान आहे, मेनूत हेल्पखालीच त्याची लिंक मिळते. आधी हेल्पमधूनच 'सेफ मोड'मध्ये सुरू करून बघा. तिथे नीट चाललं तर दोष तुमच्या जुन्या सेटिंगचा. नाहीतर रिपोर्ट लिहा: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. इंग्रजी साधं चालतं, दोन स्क्रीनशॉट लावा. पण एक काळजी घ्या. तिथे लावलेली फाईल सगळ्या जगाला दिसते. कस्टमरचं नाव, पार्ट नंबर, ड्रॉइंगची मापं त्यात असतील तर तुमची नोकरी जाऊ शकते. म्हणून नवीन शीट घ्या, बिघडणारे दहाबारा सेल तेवढे कॉपी करा, आकडे खोटे टाका आणि त्रुटी अजून दिसते का बघा. छोटी फाईल असेल तर ती लवकर सुटायची शक्यताही वाढते, कारण पाचशे ओळींची शीट कोणी उपसत बसत नाही.

'मागच्या आवृत्तीत चालत होतं, आता नाही' असं असेल तर आणखी मजेदार काम आहे. लिब्रेऑफिसच्या जुन्या तयार बिल्ड एका साठ्यात ओळीने ठेवलेल्या असतात. हजार बिल्ड असतील तर मधली चालवायची. त्यात बिघाड दिसला तर आधीची अर्धी बाजू घ्यायची, नाही दिसला तर नंतरची. असं दर वेळी निम्मं करत गेलं की दहा फेऱ्यांत नेमका कोणता बदल नडला ते सापडतं. याला कोड लिहिता यावा लागत नाही, चिकाटी लागते. असा शोध लावून दिलेला बग डेव्हलपरला फार आवडतो, कारण त्याचं अर्धं काम झालेलं असतं.

कोड लिहायचा असेल तर 'ईझी हॅक्स' नावाची सोप्या कामांची यादी आहे, नवीन लोकांसाठीच ठेवलेली. गूगल समर ऑफ कोडमध्येही फाउंडेशन भाग घेतं आणि त्यातून भारतातले विद्यार्थी आत आले आहेत. पहिल्यांदा सगळा कोड बिल्ड करायला साध्या लॅपटॉपवर काही तास लागतात, तेव्हा रात्री लावून झोपा. आणि ज्यांना यातलं काहीच नको त्यांच्यासाठी मराठी भाषांतर आहे. वेबलेट नावाच्या साईटवर ब्राउझरमध्येच एकेक वाक्य भाषांतरित करता येतं, फोनवरूनही जमतं. मराठी मेनूत मध्येच इंग्रजी शब्द दिसतो ना, तो तिथे कोणी तरी भरायची वाट बघत पडलेला असतो.